एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं

विंडोजच्या लॅपटॉपवर लिनक्स थाटायचं म्हणजे भावकीतली वाटणीच. सी ड्राइव्ह आकसवून पन्नासेक जीबी मोकळे केले की थोरल्याचा रुसवा सुरू. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तो बंद होतच नाही, नुसते डोळे मिटून पडतो. उबुंटू लिनक्सला त्याचा ड्राइव्ह दिसतो, पण त्यात काही लिहिता येत नाही. सिक्युअर बूटला हात लावलात, तर बिटलॉकर ४८ आकडी किल्ली मागतो.

खरी गंमत घड्याळाची. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी लिहितो, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतो. संध्याकाळी सहा वाजता विंडोजमध्ये भर दुपारचे साडेबारा! (इलाज एका कमांडीचा आहे. ती शोधण्यात रात्र जाते, ते वेगळं.) ऑगस्ट २०२४ मध्ये तर विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. थोरल्याचा हेतू अर्थातच शुद्ध होता.

एवढं सगळं निस्तरल्यावर कोणाला उठवायचं ते विचारणारा ग्रबचा मेन्यू उगवतो. दहा सेकंदांची मुदत. मुक्त सॉफ्टवेअरवर मित्रांना तासभर पिडणारे आपले क्रांतिकारक निमूट खालचा बाण दाबत विंडोजवर येतात. टॅली तिकडेच आहे ना!