होय, नाही आणि बघू

मराठी माणसाच्या डोक्याला तीन हालचाली पुरतात. खाली-वर म्हणजे होय, डावी-उजवीकडे म्हणजे नाही आणि खांद्याकडे जरा कलते म्हणजे बघू. एवढ्या भांडवलावर नोकरी, संसार आणि सोसायटीची वार्षिक सभा निभावता येते. तोंड लागते ते चहापुरते.

माझी मान आखडली तेव्हा तिन्ही व्यवहार एकदम ठप्प झाले. फिजिओथेरपीवाल्या मुलीने टेबलावरचा प्लास्टिकचा कणा उचलला. "काका, मानेत मणके ७. जिराफालाही तेवढेच." ऐकून क्षणभर उंची वाढल्यासारखी वाटली. घुबडाला मात्र १४ असतात आणि ते डोके २७० अंशांपर्यंत फिरवते, असे तिने सांगितले. पाठीमागे कोण काय बोलते ते त्याला दिसत असणार. ते एकटे का राहते, याचा उलगडा झाला.

"आता हे तुमचं 'होय'," ती म्हणाली. कवटीच्या बुडाशी दोन उंचवटे असतात. ते पहिल्या मणक्याच्या दोन उथळ खळग्यांत बसतात आणि पुढे-मागे झुलतात. झाला होकार! या मणक्याचे नाव अ‍ॅटलस. आकाश पेलणाऱ्या ग्रीक पुराणातल्या दांडगोबावरून ठेवलेले. माझ्या अ‍ॅटलसच्या वाट्याला साडेचार-पाच किलोंचे डोके आले आहे. त्यात नेमके काय आहे, याबद्दल आमच्या घरात एकमत नाही.

'नाही'चा सांधा त्याच्या लगेच खाली. दुसऱ्या मणक्यातून एक खुंट वर आलेला असतो आणि अ‍ॅटलसचे कडे डोक्यासकट त्याच्याभोवती फिरते. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते, तसेच. मान जेवढी वळते, त्यातले जवळजवळ निम्मे वळणे या एका सांध्यात होते. खुंटाच्या मागेच मज्जारज्जू असल्यामुळे हा खुंट एका चिवट आडव्या बंधाने जागच्या जागी आवळून ठेवलेला असतो. नकार देणे जोखमीचे काम आहे, हे लग्नाआधीच माझ्या शरीराला ठाऊक होते म्हणायचे.

"आणि बघू?" मी विचारले.

"म्हणजे?"

मी मान कलती करून दाखवायला गेलो आणि ओरडलो.

"हां, ते होय! त्याला स्वतंत्र सांधा नाही. ते काम मुख्यतः खालचे सगळे मिळून करतात."

हे ऐकून मला नवल वाटले नाही. पुढे तिने सांगितले ते मात्र मोलाचे होते. मणक्यांमधली गादी पहिल्या दोन सांध्यांत नसतेच, ती दुसऱ्या मणक्याच्या खालून सुरू होते. म्हणजे होय म्हणा की नाही म्हणा, गादी मिळत नाही. ती 'बघू' म्हणणाऱ्यांसाठी राखीव. राजकारणातल्या मंडळींना हे शरीरशास्त्र न शिकता कसे कळले असेल?

त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. खालच्या सांध्यांचे पृष्ठभाग तिरके असतात. त्यामुळे मान एका बाजूला कलली की मणके त्याच बाजूला थोडे वळतातही. चेहरा समोरच ठेवायचा असेल, तर वरच्या 'नाही'च्या सांध्याला गुपचूप उलट फिरावे लागते. म्हणजे माणूस हसतमुखाने "बघू" म्हणत असतो, तेव्हा आत एक छोटेसे 'नाही' होऊन गेलेले असते. देणगी मागणाऱ्यांना हा शोध फार पूर्वीच लागलेला आहे.

मुलीने सांगितले, "हळूहळू हलवत राहा, पट्टा नको." पण शेजारच्या काकूंनी त्यांच्या माळ्यावरचा पट्टा काढलाच आणि बायकोने तो माझ्या मानेला बांधलाच. काकूंसमोर नको म्हणायला लागणारा सांधा नेमका त्या पट्ट्यातच अडकला होता.

त्याच संध्याकाळी सोसायटीची सभा होती. खजिनदारपदासाठी माझे नाव पुकारले गेले. अध्यक्षांनी माझ्याकडे निरखून पाहिले. मान खाली-वर झाली नाही, डावी-उजवीकडे झाली नाही आणि मुख्य म्हणजे कललीही नाही. मी तोंड उघडतो तोवर चहा आला.

"इतका ठाम माणूस या सोसायटीत पाहिला नव्हता," अध्यक्ष म्हणाले आणि चेकबुक माझ्या हातात दिले.