तळे बुजवील तो…

चेन्नईकरांची उन्हाळी सहल ठरते ती तळ्याकाठी, सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या कोडाईकनालला. मे २०२४पासून त्यासाठी ई-पासही काढावा लागतो. एवढा खटाटोप केवळ पाण्याकाठी बसण्यासाठी असेल, तर ती सोय गावातच होती. लाँग टँक नावाचा लांबलचक तलाव १९२०च्या दशकात बुजवून टी. नगर वसवले; नुंगम्बाक्कमच्या तळ्याच्या जागी १९७६ साली वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक उभे राहिले. पश्चिम मांबलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ मात्र अजून आहे. लेक आणि व्ह्यू तेवढे गेले.

कोणी म्हणेल, तळे हे निमित्त, ओढ थंडाव्याची. मान्य, दोन हजार मीटरची उंची टी. नगरला आणता येत नाही. पण मग होडीसाठी रांग कशाला? कोणी म्हणेल, कोडाईचे तळे ही निसर्गाची देणगी. तेही नाही, १८६३ साली लेव्हिंज या इंग्रज अधिकाऱ्याने पाणी अडवून ते करवून घेतले. म्हणजे तळे करणे माणसाला जमते, राखणे जमत नाही. डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईचे पाणी आपली जुनी जागा शोधत घराघरांत शिरले, तेही ई-पासशिवाय. तळे राखील तो पाणी चाखील; बुजवील त्याने हॉटेलचे बुकिंग वेळेत करावे.