थोडक्यात महत्त्वाचं

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक उभा रकाना असतो. जगाच्या पाठीवर जे जे घडलं ते तिथे चार-चार ओळींत उरकलेलं असतं. एवढा समभाव संतांनंतर याच रकान्यात पाहायला मिळतो. पृथ्वीवर आदळू पाहणारा लघुग्रह असो की पॅरिसच्या संग्रहालयातली चोरी, वाट्याला ओळी चारच. उद्या जगबुडी जाहीर झाली, तरी ती चौथ्या ओळीत आटोपून खाली सोन्याचा भाव देतील.

या रकान्याचं जाहीर वाचन रोज सकाळी आरे कॉलनीत होतं. गोरेगावहून चेकनाक्याने आत शिरायचं, जरासं चालायचं आणि मग रस्त्याकडेच्या कठड्यावर भरपूर बसायचं, असा आमचा व्यायाम आहे. बँकेतून निवृत्त झालेले अण्णा वाचतात, भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई दुरुस्त्या सुचवतात आणि बाकीचे आम्ही जगाची काळजी करतो. शेजारी पाड्यावरच्या काकू भाजीचे वाटे मांडून बसलेल्या असतात. पावसाच्या तोंडावर त्यांच्याकडे शेवळं येतात. शेवळांबरोबर काकडं घ्या, नाहीतर घसा खाजेल, हे त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात आणि मधल्या वेळात जगाच्या बातम्या ऐकतात.

२०२५च्या फेब्रुवारीत अण्णांनी वाचलं की ‘२०२४ वायआर४’ नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्के आहे आणि तो ज्या पट्ट्यात पडू शकतो त्यात मुंबईसुद्धा येते. “३.१ टक्के? बचत खात्याला एवढं मिळत नाही हो,” अण्णा म्हणाले. बाईंनी मोबाइलमध्ये पाहून त्या दिवशी बुधवार असल्याचं जाहीर केलं. पट्टा नक्की गोरेगाव पूर्वेवरून जातो की पश्चिमेवरून, यावर वाद सुरू झाला. तेवढ्यात काकूंनी जुडी बांधता बांधता विचारलं, “रात्री पडणार का दिवसा?”

“त्याने काय फरक पडतो, काकू?”

“रात्री पडणार असेल तर पोरं आणि कुत्रं आत घ्यायला लागेल ना.”

चार ओळींत वेळ दिलेली नव्हती. आठवड्याभरात शास्त्रज्ञांनी नवी निरीक्षणं घेऊन ती शक्यता जवळजवळ शून्यावर आणली आणि आमचा वाद अनिर्णित राहिला. काकूंचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात घर करून बसला. आरेत राहणाऱ्याला संकट आकाशातून येवो नाहीतर झाडीतून, आधी दाराशी कोण बाहेर राहिलंय ते बघावं लागतं.

तेव्हापासून प्रत्येक बातमी, नवी असो की जुनी, काकूंच्या चाळणीतून जाऊ लागली. व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली निघालं. २०२३च्या नोव्हेंबरात ते बरळायला लागलं, कारण त्याच्या संगणकातली एक चिप बिघडली होती. इथून निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला पुन्हा तेवढेच. तरी अभियंत्यांनी त्या चिपमधली आज्ञावली दुसऱ्या जागी हलवली आणि एप्रिलमध्ये यान शुद्धीवर आलं. “२४०० कोटी किलोमीटरवरची दुरुस्ती पाच महिन्यांत!” अण्णा कळवळून म्हणाले. “आमच्या सोसायटीची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे.” त्याच १९७७ साली आरेच्या डोंगरात चित्रनगरी उभी राहिली. तिथे रात्रीचा दिवस करणारे दिवे लागले आणि आसपासच्या काही पाड्यांनी मुंबईत राहून विजेची वाट पुढे कित्येक वर्षं पाहिली. “त्यांच्या यानात लाइट आहे?” एवढंच काकूंनी विचारलं.

१९ जुलै २०२४ ला एका सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. विमानं अडकली. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशाला हाताने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला. काकूंची उधारीची वही त्या दिवशी सुरळीत चालू होती. अण्णांनी हळूच विषय बदलला. पुढे लूव्र संग्रहालयातून चोरांनी शिडीची गाडी लावून भरदिवसा राजघराण्याचे दागिने नेले, तेव्हा काकूंनी सहानुभूती दाखवली नाही. एवढं सोनं असून खिडकीशी ठेवतं कोण?

सगळ्यात रंगलं ते बिबट्याचं. २०१८ साली काही परदेशी संशोधकांनी हिशेब मांडला, की आरेला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानातले आणि आजूबाजूच्या भागातले बिबटे वर्षाला सुमारे १५०० भटकी कुत्री खातात, त्यामुळे हजारेक लोकांना कुत्रं चावत नाही आणि रेबीजचा धोका टळतो. म्हणजे बिबट्या हा एक प्रकारे महापालिकेचा बिनपगारी कर्मचारी. आम्ही सगळे थक्क झालो. काकूंनी शांतपणे विचारलं, “आणि आमच्या कोंबड्यांचा हिशेब कोणी मांडला?”

आता गंमत अशी, की आरे स्वतःच कुठल्या तरी परक्या शहरातल्या रकान्यात चार ओळींपुरतं छापून येतं. एके काळी इथलं तंत्रज्ञान हीच बातमी होती. शहरातले तबेले हलवून १९४९ साली दूध वसाहत झाली, १९५१ साली नेहरू उद्घाटनाला आले आणि ती उभी करणाऱ्या दारा खुरोडींना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाटलीबंद, पाश्चराइज्ड दूध ही तेव्हाची थक्क व्हायची गोष्ट होती. नंतर २०१९च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत २१४१ झाडं गेली होती. रकान्यात ‘विकास की पर्यावरण’ एवढं मावलं. रात्रभर करवतीचा आवाज ऐकत जागलेले पाडे काही त्यात मावले नाहीत. आज त्याच मेट्रोने आम्ही आरेहून थेट कफ परेडला जातो, गार हवेत, आणि जाताना झाडांबद्दल हळहळतो. दोन्ही अगदी मनापासून.

२०२१च्या सप्टेंबरात इथल्याच एका आजींनी अंगावर आलेल्या बिबट्याला हातातल्या काठीने पळवलं. कॅमेऱ्यात टिपलेलं ते दृश्य जगभर पाहिलं गेलं. जगाने वाहवा केली आणि ते पुढच्या बातमीकडे वळलं. वस्त्यांवर मात्र संध्याकाळ झाली की पोरांना हाका सुरू झाल्या. एकट्याने नळावर जाणं बंद झालं.

चांगली बातमीही अशीच आक्रसते. ‘लायकस आरेयेन्सिस’ हा विंचू आरेच्या नावाने विज्ञानाच्या वहीत नोंदला गेलाय. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट निळे चमकतात, म्हणून अभ्यासक रात्री तसल्या विजेऱ्या घेऊन रानात वाकून वाकून फिरतात. हे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, तसली विजेरी मिळाली तर बरं होईल, चपला घालण्याआधी मारून बघता येईल. विज्ञानाचा इतका सरळ उपयोग आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

मी हल्ली रकाना वाचताना तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या मध्ये थांबतो. कुठे पूर, कुठे वणवा, कुठे यंत्राने माणसाला हरवलं. तिथेही कुणाच्या तरी दाराशी कुत्रं बाहेर असणार, कुणाच्या तरी कोंबड्या हिशेबात नसणार. कट्ट्यावरही आता तसा नियमच झालाय. बातमी संपली, की त्या संध्याकाळी तिथल्या माणसांनी काय केलं असेल यावर बोलायचं. बाई नकाशा उघडतात, अण्णा खर्चाचा अंदाज काढतात, काकू चुका काढतात.

यात वेळ फार जातो. पूर्वी उन्हं यायच्या आत आमचं सगळं जग वाचून व्हायचं. आता दोन-तीन बातम्यांतच ऊन चटके द्यायला लागतं आणि उरलेलं जग उद्यावर ढकलावं लागतं. जगाची त्याला अजून तरी हरकत आलेली नाही.