निजलेला मारुती

आमच्या रामाकोना गावाच्या नावातच राम आहे, आणि त्याचा दास तिकडे जामसावळीला झोपलाय. बाकीचे मारुती कसे, हातावर डोंगर नाहीतर खांद्यावर गदा. हा मात्र जाम नदीकाठी, पिंपळाखाली, सरळ आडवा. संजीवनीच्या धावपळीत इथं विसावला, असं कुणी म्हणतं. कुणी सांगतं, मूर्तीखालचं धन उकरायला लोक आले, तेव्हा उभा होता तो आडवा झाला. मला दुसरी गोष्ट पटते. वसुलीवाला दारात आला की आमचा मामाही असाच आडवा व्हायचा.

  लहानपणी मी इथं उडी मारून देवळातली घंटा ठणकावली, तर आजीनं दंड धरला. "कायले वाजवतं बाबू? निजला हाय ना तो!"

तशी याची झोप गाढच. १९५६ साली राज्यांच्या सीमा हलल्या, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मराठी बोलत मध्य प्रदेशातच राहिलो. यानं कूस बदलली नाही. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच वर्षी इथं 'हनुमान लोक' या मंदिर-परिसराचं भूमिपूजन झालं, तरी हा निजलेलाच. मंगळवारी-शनिवारी तर रेटारेटीच असते. देवाच्या नाभीतून झिरपणारं पाणी तीर्थ म्हणून घ्यायला लोक ओंजळी पुढे करतात.

आमचं खरं लक्ष असायचं नवसाच्या रोडग्यांकडे. गोवऱ्यांचा आर पडला की कणकेचे गोळे त्यात पुरायचे. वरून काळे, भेगाळलेले झाले की पोत्यात घालून दोघांनी दोन्हीकडून हलवायचं. राख झडते, हलवणाऱ्याच्या नाकातही जाते. मग फोडायचा. आतून वाफ, त्यावर तूप, वर वरण आणि शेजारी तेलाचा तवंग आलेली वांग्याची भाजी. तिसऱ्या रोडग्यानंतर माणूस बोलत नाही, नुसता हुं म्हणतो.

जेवणं झाली आणि मामानं पिंपळाच्या सावलीत दुपट्टा अंथरला. तोंड देवाकडे, हात उशाशी; दोघं अगदी एका साच्यातले. बसची वेळ झाली म्हणून मी त्याला हलवायला गेलो, तर आजीनं पुन्हा दंड धरला.