हात कुणाचे?

चार्ल्स ओ'रिअर नावाच्या छायाचित्रकाराने 1996 साली कॅलिफोर्नियातल्या एका टेकडीचा फोटो काढला आणि पुढे तो विंडोज एक्सपीचा वॉलपेपर होऊन जगभरच्या संगणकांवर जाऊन बसला. हिरवी टेकडी, वर निळं आभाळ. बस्स! पौड सोडलं की ताम्हिणीपर्यंत अशा टेकड्या जुलैत पैशाला पासरी. म्हणून मी साइटवर स्टॉक फोटो विकण्याच्या धंद्यात पडलो.

आभाळाचा तेवढा विसर पडला. जुलैत मुळशीचं आभाळ खाली उतरून रस्त्यावरच बसलेलं असतं. माझ्या पन्नास टेकड्या 'फोकस नाही' या शेऱ्यानिशी परत आल्या. धबधबे पाठवले, तर 'असे भरपूर आहेत'. खोटं कसं म्हणू? रविवारी ताम्हिणीत धबधब्यांपेक्षा कॅमेरे जास्त.

मग उजेड पडला. गिऱ्हाइकाला निसर्ग नकोच असतो; त्याला पीकविम्याच्या पत्रकासाठी शेतकरी हवा असतो आणि शेजारी मजकुरापुरती मोकळी जागा. तेव्हा भातलावणी! खाचरातल्या एका आजींचा फोटो झकास आला. पण चेहरा ओळखू येत असेल तर संमतीपत्र लागतं. मी कागद पुढे केला.

"सही न्हाय करायची बाबा. आमच्या म्हाताऱ्याची जमीन कागदावरच गेली धरणात."

ज्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापट लढले, त्याच्या काठावर मी सही मागत होतो. कागद घडी करून खिशात घातला.

आजींना पाठमोरं टिपलं. डोक्यावर इरलं असतं तर सोन्याहून पिवळं; पण हल्ली खताच्या गोणीची खोळ असते, आणि तिच्यावर कंपनीचं नाव, चिन्ह, 'वजन 45 किलो' सगळं ठळक. 'ट्रेडमार्क दिसतो', परत.

शेवटी उरले चिखलातले दोन हात. ते पास झाले. संगणकाने आपणहून सुचवलेल्या शोधशब्दांत 'व्हिएतनाम' होता, तो खोडला.

झोडणीच्या सुमारास हात विकले गेले. पंचवीस सेंट, म्हणजे एकवीस रुपये. आनंदाने आजींना सांगायला गेलो.

"हात कुणाचे?"

"तुमचेच, आजी."

"मंग?"

मी वीसची नोट दिली. वरच्या रुपयाबद्दल त्यांनी विचारलं नाही. साइट मात्र पंचवीस डॉलर साठल्याशिवाय पैसे सोडत नाही. वीस रुपये माझ्या खिशातले गेले.