डावा पाय ऐकत नाही

निवृत्तीचा फंड हातात पडला की माणसं गावच्या घराची कौलं बदलतात किंवा चारधामचं बुकिंग करतात. कमबॅककाका धोबीतलावला ड्रमसेट बघायला जातात. सोबत काकू असतात. दुकानदार किंमत सांगतो तेव्हा त्या काही बोलत नाहीत, फक्त काकांकडे बघतात. दुकानदारानं अशी जोडपी पुष्कळ पाहिलेली असतात. तो लगेच खुर्ची पुढे करतो.

काकांचं वय पंचावन्न ते बासष्टच्या दरम्यान. ऐंशीच्या दशकात ते ऑर्केस्ट्रात वाजवत. गणपतीत दहा रात्री, नवरात्रात नऊ, आणि वर्षभरात पूजा-वाढदिवस मिळतील तेवढे. पॅडलवर पाय पडला की मंडपाचे पत्रे थरथरत. मग 1985 साली रोलँड कंपनीनं ऑक्टपॅड काढला. आठ रबरी चौकोन, त्यात सगळे ड्रम मावतात आणि सगळं मिळून रिक्षात बसतं. आयोजकांना संगीतातलं फारसं कळत नसलं तरी टेम्पोचं भाडं कळत होतं. काकांनी यथावकाश बँकेची परीक्षा दिली, लग्न केलं, बेस ड्रम माळ्यावर चढला. त्यात लग्नातली भांडी राहिली. फ्लोअर टॉमवर काही वर्षं इस्त्रीचे कपडे असत, नंतर तुळस आली.

इतक्या वर्षांनी परतताना त्यांना नेमका जॅझ का आठवावा? कारण बहुधा ‘टेक फाइव्ह’ असतं. 1959 सालची ती पाच मात्रांची रचना आणि त्यातला जो मोरेलोचा ड्रम सोलो त्यांना मोबाईलवर कुणीतरी पाठवतं. काका बोटांवर मात्रा मोजतात आणि जाहीर करतात, ‘अगं, हा तर आपला झपताल. निम्मा केलाय.’ ती वाजवणाऱ्या चौकडीचे म्होरके डेव्ह ब्रुबेक 1958 साली अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर मुंबईत येऊन गेले होते हे खरं. त्यामुळे काकांचा संशय पक्का होतो. प्रत्यक्षात ब्रुबेक यांना विषम मात्रांचा नाद लावला तो त्याच दौऱ्यात भेटलेल्या तुर्कस्तानातल्या रस्त्यावरच्या वादकांनी. पण हे काकांना सांगून काही उपयोग नाही.

शिकवणारा मुलगा चोवीस वर्षांचा असतो. तो काकांना ‘अंकल’ म्हणतो, काका त्याला ‘सर’ म्हणतात. पहिल्याच दिवशी काका त्याला आपला जुना हुकमी तुकडा वाजवून दाखवतात: धडाडधूम, सगळे टॉम, शेवटी दोन्ही झांजा. मुलगा नम्रपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, ‘छान. आता हे सगळं विसरायचं, अंकल.’

विसरायचं म्हणजे काय काय? ऑर्केस्ट्रात लय पायात असे. मोठा ड्रम हाणला की नाचणाऱ्यांना सम सापडायची. 1940च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये केनी क्लार्क नावाच्या ड्रमरनं लय तिथून उचलली आणि वर राईडवर, म्हणजे उजव्या हाताच्या मोठ्या झांजेवर नेऊन ठेवली. टिंग, टिंग-टि-टिंग. बेस ड्रम उरला अधूनमधून दचकवण्यापुरता. एरवी तो वाजवायचाच झाला तर पिसासारखा वाजवायचा: इतका हलका, की ऐकणाऱ्याला जाणवावा पण ऐकू येऊ नये. ज्या माणसानं उमेदीची सगळी वर्षं ‘बेस वाढव’ असं ध्वनिवाल्याला ओरडून सांगण्यात घालवली, त्याला हे ऐकताना काय वाटत असेल याची कल्पना करावी.

आणि डावा पाय. हाय-हॅटच्या दोन झांजा त्यानं मिटायच्या, त्याही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. काकांची तीन पिढ्यांची टाळी समेवर पडलेली. त्यामुळे डावा पाय दोन मिनिटं नीट चालतो आणि डाव्या हातानं स्नेअरवर काही बोलायला सुरुवात केली, की गुपचूप पहिल्या मात्रेवर जाऊन बसतो. जिम चॅपिन या ड्रमरचं 1948 सालचं पुस्तक याच दुखण्यासाठी आहे. एकाच घरात राहून चार भावांनी चार चुली मांडाव्यात तसे हातपाय वेगळे करायचे, आणि भांडण मात्र होऊ द्यायचं नाही. काका पहिल्या पानावर बराच काळ मुक्काम ठोकून असतात. त्यातून सर मेट्रोनोम लावतात तोही फक्त दोन आणि चारवर. बाकीची लय आपली आपण धरायची. बँकेत काकांच्या हाताखाली असलेल्यांना हे दृश्य बघायला नक्की आवडलं असतं.

जे हातापायांना जमत नाही ते काका तोंडानं भरून काढतात. सकाळी फिरायला ऑर्केस्ट्रातला जुना गायक मित्र असतो. त्याला चार्ली वॉट्सचं उदाहरण मिळतं: जन्मभर रोलिंग स्टोन्समध्ये रॉक वाजवला, पण जीव जॅझवर. ड्रमर टोनी विल्यम्स 1963 साली माइल्स डेव्हिसच्या वाद्यवृंदात आला तेव्हा सतरा वर्षांचा होता, हेही सांगून होतं. त्या आकड्यानं स्वतः काकाच थोडे गप्प होतात. मित्र म्हणतो, ‘पण ते टिंग-टिंग आपलं नाही रे.’ यावर काकांचा पत्ता तयार असतो, आणि इथे त्यांची बाजू खरोखरच भक्कम आहे. ‘अलबेला’, 1951. संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. ‘शोला जो भडके’मध्ये पडद्यावर जो बँड दिसतो तो गोव्यातल्या हळदोण्याच्या चिक चॉकलेटचा. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाणी वाजवणारे गोव्याचे असे कितीतरी वादक होते. मंडपात आपण जन्मभर जे वाजवलं ते निम्मं तिथूनच आलं होतं. मित्र विचार करतो आणि म्हणतो, ‘हो, पण त्याला ठेका होता.’

घरात आवाजाचा प्रश्न असतोच. काका जाळीचा, हेडफोनवाला इलेक्ट्रॉनिक सेट घेतात. कानाला काही ऐकू येत नाही, पण पॅडलची धडक फरशीतून थेट खालच्या मजल्यावर उतरते. त्यावर उपाय जगभरच्या फ्लॅटवाल्या ड्रमरांना ठाऊक आहे: प्लायवूडच्या दोन फळ्या आणि मध्ये टेनिसचे चेंडू. सोसायटीतल्या पोरांचे चेंडू अचानक कमी होऊ लागतात आणि सेक्रेटरी तक्रारपुस्तकाचं नवं पान उघडतात.

खरी शांतता येते ती ब्रशनं. तारेचे दोन पंखे, स्नेअरवर गोल गोल फिरवायचे. सूप पाखडल्यासारखा नुसता सळसळाट. ब्रशचा पूर्वज अमेरिकेत माश्या मारण्यासाठी काढलेला होता. निवृत्तीनंतर माश्या मारत बसणार नाही, असं निरोप समारंभात बजावून आलेल्या माणसाच्या हातात शेवटी तेच अवजार आलं. काकूंना मात्र ब्रश पसंत आहेत. त्यांची मालिका आता व्यवस्थित ऐकू येते.

मग एका रविवारी वांद्र्याच्या कॅफेत जॅम असतो. बारा बारांचा ब्लूज, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. सगळे वादक पोराच्या वयाचे. काकू मागच्या टेबलावर, समोर ज्या कॉफीची किंमत बघून त्यांना सत्यनारायण आठवला ती कॉफी. थोड्या वेळानं सॅक्सोफोनवाला बोटांनी चार दाखवतो: चार बार तो, चार बार ड्रम, आळीपाळीनं. पहिल्या खेपेला काका मोजण्यात इतके गुंततात की सोलो वाजवायचा राहतोच. दुसऱ्या खेपेला त्यांना उमगतं, की चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे तीनताल! आणि ते सरळ तिहाई टाकतात. ती बरोबर समेवर येते. बेसवाला मान वळवून हसतो, दोन टेबलं टाळ्या वाजवतात, आणि त्या आनंदात डावा पाय पुन्हा पहिल्या मात्रेवर जाऊन बसतो. ‘अंकल, लेफ्ट फूट!’ सर कोपऱ्यातून ओरडतात.

परतीच्या लोकलमध्ये काका विचारतात, ‘कसं झालं गं?’

‘बरं झालं,’ काकू म्हणतात. ‘पण अहो, तो खालचा मोठा ड्रम बिघडलाय का? मला एकदाही ऐकू आला नाही.’

काका अंधेरी येण्याआधीच सरांना फोन लावतात.