डॅशबोर्डवरचं वेटोळं

मार्च लागला की लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्यांचे ढीग लागतात. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे कोणते, हे ठरवून, सगळं भाजून डंकावर कुटून हातात येईपर्यंत तीन तास सहज जातात. गेल्या वर्षी तेवढा वेळ आमची गाडी रस्त्याच्या कडेला भर उन्हात उभी होती. परत आल्यावर डॅशबोर्डवरची चार्जिंगची केबल उचलली, तर ती बोटांना चिकटली. दोन आठवड्यांत पिनेजवळ तडकली आणि आतली तार दिसू लागली.

अशा वेळी आपण दुकानदाराला दोष देऊन मोकळे होतो: माल डुप्लिकेट होता! असेलही. पण चांगल्या केबलीलाही आपण जिथे ठेवतो ती जागा सोसत नाही, हे कबूल करायला हवं. वायरीवरचं आवरण पुष्कळदा पीव्हीसीचं असतं. पीव्हीसी मुळात कडक, पाण्याचे पाइप त्याचेच होतात. वायरीसाठी ते मऊ करायला त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात. उष्णतेने ते द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, म्हणून केबल चिकट लागते. ते निघून गेलं की आवरण पुन्हा कडक आणि ठिसूळ होतं. मग रोज जिथे वाकते तिथेच केबल तुटते.

‘काच थोडी खाली ठेवली होती’ हे समाधानही खोटं आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या गाडीतलं तापमान मोजलं. तासाभरात आतली हवा सरासरी २२ अंश सेल्सियसने तापली, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काच किंचित उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे बाहेर ३३ असतील तर आत ५५. काचेखालचा काळा डॅशबोर्ड तर त्याहून तापतो, आणि आपण केबलीचं वेटोळं नेमकं तिथेच टाकतो.

मुंबईला समुद्र आहे, इथे कसलं एवढं ऊन, असं म्हणणाऱ्यांना मार्च कळलेला नाही. पूर्वेचे जमिनीवरचे वारे जोरात असले की समुद्रवारा उशिरा सुटतो आणि पारा चढतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले होते.

हे ऊन सगळ्यांच्या गाडीवर सारखं पडत नाही, याचा मला राग येतो. परळच्या टॉवरमधल्या गाडीला पार्किंगचं छप्पर आहे, दादरच्या हिंदू कॉलनीत झाडं आहेत. गिरगावच्या चाळीतल्या माणसाची गाडी रस्त्यावर, आणि टॅक्सीवाल्याची तर दिवसभर उन्हातच. त्याचा फोन म्हणजे त्याचा नकाशा आणि भाड्याचे पैसे घेण्याचा गल्ला. केबल तुटली की धंदाच अडतो. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू त्याने पुन्हापुन्हा का घ्यावी? रस्त्याकडेचं एक झाड तोडताना ही सावली कोणी हिशेबात धरत नाही.

हे बदलेपर्यंत आपल्या हातात आहे ते करूया. उतरताना किल्ली काढतो तशी केबलही काढायची. ती बॅगेत जमत नसेल तर निदान सीटखाली, उन्हाआड, सैल गुंडाळून ठेवायची. तार उघडी पडलेल्या केबलीला टेप लावून चालवायचं नाही. आतल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर शॉर्ट होऊन ती तापते. काही गाड्यांत चार्जिंगचं सॉकेट इंजिन बंद झाल्यावरही चालूच राहतं, तेव्हा चार्जरही उपसून घ्यायचा.

आणि पॉवर बँक? ती एक मिनिटही मागे ठेवू नका. केबल फार तर तुटेल. लिथियमची बॅटरी तापली तर फुगते, पेटतेसुद्धा. अनेक फोन कंपन्या ठेवण्यासाठी ४५ अंशांची मर्यादा सांगतात आणि आपल्या गाडीने ती जेवणाच्या सुट्टीआधीच ओलांडलेली असते.

यंदा मसाला कुटायला गेले तेव्हा केबल माझ्या पर्समध्ये होती. घरी आल्यावर तिला मिरचीचा वास येत होता, पण ती अजून मऊ आहे.